परदेशातल्या वर्गाशी आपला वर्ग जोडताना : शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी, प्रशिक्षणात मागच्या बाकावर, नाहीतर रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर हे प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेलेत की ते एकदाचे लिहून काढलेले बरे. मी रत्नागिरीकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. माझ्या वर्गाने आतापर्यंत मुख्यतः तुर्की, जपान आणि मॉरिशसमधल्या वर्गांबरोबर काम केलं. त्यातलं काही छान जमलं, काही पार फसलं. उत्तरांत दोन्ही आलंय.

जागतिक शिक्षण म्हणजे इंटरनॅशनल स्कूलच ना?

नाही. 'इंटरनॅशनल' अशी पाटी लावलेल्या शाळेत बहुधा परदेशी मंडळाचा अभ्यासक्रम असतो आणि त्याला साजेशी फी असते. जागतिक शिक्षणाला पाटीही लागत नाही आणि फीही. आपल्या आयुष्यातल्या गोष्टी दूरच्या माणसांच्या आयुष्याशी कशा बांधलेल्या आहेत, हे मुलांना कळावं एवढीच त्याची मागणी. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या कापसाला काय भाव मिळणार, ते एकट्या यवतमाळात ठरत नाही. हे सातवीच्या मुलाला उमगलं की झालं जागतिक शिक्षण.

कागदोपत्री आधार हवा असेल तर तोही आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची ध्येयं ठरवली. त्यातल्या ४.७ या लक्ष्यात जागतिक नागरिकत्व आणि शांततेच्या शिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. युनेस्कोची याविषयीची शिफारस तर १९७४ पासूनची, ती २०२३ मध्ये सुधारून घेतली गेली. अहवाल लिहिताना या दोन ओळी उपयोगी पडतात.

त्यासाठी शिक्षकांचं नेटवर्क कशाला हवं? फेसबुकवर एखादी परदेशी शिक्षिका शोधली की झालं.

मी तसंच केलं होतं. ओळख झाली, तीन दिवस उत्साहाने मेसेज झाले, मुलांनी पत्रं लिहिली आणि पलीकडून काही आलंच नाही. चाळीस मुलं रोज विचारायची, "बाई, पत्र आलं का?" तो महिना मला अजून आठवतो.

नेटवर्कमध्ये तिसरा माणूस असतो. एखादा प्रकल्प चालवणारा अनुभवी शिक्षक, देशाचा समन्वयक, निदान आधी त्या शिक्षिकेबरोबर काम केलेला कुणीतरी. समोरची व्यक्ती खरंच शिक्षक आहे का, तिची शाळा आहे का, ती हातात घेतलेलं तडीस नेते का, हे तिथे माहीत असतं. लग्न जमवताना मध्यस्थ का लागतो, ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

ही कल्पना इंटरनेटबरोबरच आली का?

मुळीच नाही, आणि हा माझा आवडता प्रश्न आहे. सेलेस्टँ फ्रेने नावाचे एक फ्रेंच शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात छातीला जखम झाली, वर्गात फार वेळ बोलवेना. १९२० मध्ये त्यांना दक्षिण फ्रान्सच्या डोंगरातल्या बार-स्यूर-लू या गावच्या शाळेत नेमणूक मिळाली. मोठ्याने शिकवता येत नाही म्हणून त्यांनी वर्गात एक लहानसं छपाईयंत्र आणलं. मुलं आपले अनुभव लिहायची, खिळे जुळवायची आणि स्वतः छापायची. १९२६ पासून हे छापील कागद पार दुसऱ्या टोकाला, ब्रिटनी किनाऱ्यावरच्या त्रेगंक गावातल्या वर्गाकडे जायला लागले आणि तिथले इकडे यायला लागले. डोंगरातली मुलं मासेमारीबद्दल वाचू लागली, तेही कोळ्यांच्या मुलांनी लिहिलेलं. पुढे असे शिक्षक एकमेकांना जोडत गेले आणि १९५७ मध्ये त्यांच्या चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ उभा राहिला. टपालाचं तिकीट आणि हातछपाई, बस्स एवढंच तंत्रज्ञान.

आपल्याकडे साने गुरुजींची आंतरभारती याच जातीची कल्पना. भारतातल्या एका प्रांताने दुसऱ्याची भाषा आणि माणसं ओळखावीत, हा तिचा गाभा. परदेशी वर्ग मिळेना म्हणून खट्टू झालेल्यांना मी सांगते, आधी ओडिशातला किंवा आसामातला वर्ग गाठा. मुलांना तोही तितकाच नवा असतो.

कोणकोणती नेटवर्क आहेत? आमच्यासारख्या शाळेला कुठे वाव आहे?

आयअर्न हे त्यातलं जुनं आणि आपल्याला जवळचं. शीतयुद्ध अजून संपलं नव्हतं तेव्हा, १९८८ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या आणि मॉस्कोतल्या शाळा संगणकाने जोडण्याचा प्रयोग झाला, त्यातून ते वाढलं. आज शंभराहून जास्त देशांत त्याचे शिक्षक आहेत आणि भारतातलं त्याचं केंद्र पुण्यात आहे. इथे शिक्षकच प्रकल्प सुचवतात आणि शिक्षकच चालवतात. जपानबरोबरची माझी पहिली देवाणघेवाण टेडी बेअर प्रकल्पातली. दोन वर्ग एकमेकांना एक बाहुला पाठवतात. तो पाहुणा म्हणून मुलांच्या घरी राहतो आणि मुलं त्याच्या नावाने डायरी लिहितात. ऐकायला बालिश वाटतं. पण एरवी चार ओळी लिहायला कुरकुरणारा मुलगा अस्वलाच्या वतीने दोन पानं लिहितो, हे मी पाहिलंय.

युनेस्कोच्या संलग्न शाळांचं जाळं १९५३ पासून आहे. तिथे शाळा म्हणून सदस्यत्व घ्यावं लागतं आणि अर्ज देशाच्या युनेस्को आयोगामार्फत जातो. एकट्या शिक्षकाने सुरुवात करायला ते जरा जड आहे.

ग्लोब हा १९९५ मध्ये सुरू झालेला, नासाच्या पाठबळावर चालणारा कार्यक्रम. मुलं पाऊस, तापमान, ढग ठरलेल्या पद्धतीने मोजतात आणि नोंदी जगभराच्या साठ्यात जातात. विज्ञानाच्या शिक्षकांनी आधी इकडे बघावं.

ईट्विनिंगबद्दल सगळे विचारतात. २००५ मध्ये सुरू झालेलं युरोपचं हे व्यासपीठ फार सुंदर चालतं, पण ते युरोपीय देशांसाठी आणि त्यांच्या काही शेजाऱ्यांसाठी आहे. भारतीय शाळेला थेट दार नाही. तिथल्या शिक्षकांशी दुसऱ्या नेटवर्कमध्ये भेट होते, तेवढ्यावर समाधान मानावं.

डिसले गुरुजींसारखं आपल्याला कुठे जमणार?

रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरमधली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांत वाटली, हे सगळ्यांना पाठ आहे. पण परितेवाडी ही माढा तालुक्यातल्या एका वस्तीवरची जिल्हा परिषद शाळा आहे, हे लोक विसरतात. तिथे बसून त्यांनी भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा तणाव असलेल्या देशांतल्या मुलांना एकमेकांशी बोलतं केलं. पुरस्कार नंतर आला. आधी होती ती वर्षानुवर्षं शनिवार-रविवार दुसऱ्यांच्या वर्गांसाठी देण्याची तयारी. पुरस्कार बाजूला ठेवा, त्या शनिवार-रविवारांचा विचार करा. त्यातला एक तरी तुम्ही देऊ शकता का?

माझं इंग्रजी कच्चं आहे. मुलांचं तर विचारूच नका.

दहातले आठ जण इथेच अडतात. खरं सांगू? तुर्कीतल्या कोन्या शहरातल्या बाईंचं इंग्रजी माझ्याइतकंच होतं. आम्ही दोघी छोटी वाक्यं लिहायचो आणि त्यामुळेच गैरसमज कमी झाले. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे, अशांबरोबर मला जास्त दडपण येतं.

माझी पद्धत अशी. मुलं मराठीतच लिहितात. मग मोबाइलवर भाषांतर करतो आणि ते वर्गात वाचून सगळे मिळून दुरुस्त करतो. हा तास चुकवू नका, कारण मराठी आणि इंग्रजी दोन्हींचं व्याकरण मुलं त्या तासात स्वतःहून चर्चेला घेतात. एकदा दुरुस्तीविनाच पाठवलं होतं. "आम्ही डबा खाल्ला" याचं भाषांतर यंत्राने "आम्ही खोकं खाल्लं" असं केलं. तुर्कीहून काळजीने विचारणा आली की कसलं खोकं. पुढचे आठ दिवस डब्याची चित्रं, डब्यातल्या भाकरीची चित्रं, डबेवाल्यांची माहिती असं सगळं गेलं. चुकीतून निघालेला तो आमचा सगळ्यात चांगला पाठ.

आणि इंग्रजी अजिबातच नको असेल तर मॉरिशस आहे. तिथल्या प्राथमिक शाळांत मराठी शिकवली जाते. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्या मजुरांच्या वंशातली ही मुलं. घरात क्रिओल बोलतात, मराठी शाळेत शिकतात. आमच्या मुलांनी जाखडी नाचाचा व्हिडिओ पाठवला, तर तिकडून उत्तर आलं की हे तर आमचं झाकरी! पावलं थोडी वेगळी, पण ओळख पटली. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा भरतात, त्या बहुतेक शनिवार-रविवारी. तिकडची मुलं अडखळत मराठी लिहितात आणि आपल्या मुलांना पहिल्यांदाच 'आपल्याला काहीतरी जास्त येतं' असं वाटतं. हे वाटणं फार मोलाचं आहे.

गावात रेंज नाही. शाळेचा संगणक २०१५ पासून झाकून ठेवलेला आहे.

शिक्षकाच्या मोबाइलवर आठवड्यातून एकदा, रेंज असेल तिथे, फोटो आणि मजकूर पाठवता आला की पुरे. मुलांनी लिहायचं कागदावर आणि तुम्ही फोटो काढायचा. आमच्याकडे पावसाळ्यात वीज दोन दोन दिवस जाते, पण प्रकल्प थांबत नाही, कारण तो थेट बोलण्यावर उभाच केलेला नाही. टपालही आहे. परदेशी पत्र पोचायला आठवडे लागतात आणि मुलांना त्या वाट बघण्याचीच सगळ्यात जास्त गंमत वाटते.

शिवाय ज्या ॲपवर सगळं उभं केलं, तेच उद्या बंद पडतं. वर्ग जोडण्यासाठी सगळे वापरायचे ते स्काइप ५ मे २०२५ ला बंद झालं. मुलांचे छोटे व्हिडिओ ठेवायचं फ्लिप त्याच्या आदल्या वर्षीच गेलं. ज्यांच्याकडे समोरच्या शिक्षकाचा साधा पत्ता होता त्यांचं काही बिघडलं नाही.

वेळ आणि सुट्ट्या कशा जुळवायच्या?

घड्याळ सोपं आहे. तुर्की आपल्या अडीच तास मागे, मॉरिशस दीड तास मागे, जपान साडेतीन तास पुढे. म्हणजे आपले साडेदहा वाजता जपानात दुपारचे दोन. ब्रिटन उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे, कारण ते घड्याळं बदलतात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर हमखास कुणीतरी एक तास लवकर येऊन बसतं. अमेरिकेत सकाळचे नऊ म्हणजे आपली संध्याकाळ, ते सोडून द्या.

घड्याळापेक्षा कॅलेंडर अवघड. आपली शाळा जूनला सुरू होते, जपानची एप्रिलला, युरोपची सप्टेंबरला, मॉरिशसची जानेवारीला. ऑगस्टमध्ये आपण जोरात असतो तेव्हा युरोप सुट्टीवर असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिवाळी येते, डिसेंबरअखेर त्यांचा नाताळ. माझ्या हिशेबाने दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत एक पट्टा मिळतो आणि फेब्रुवारीत दुसरा. मॉरिशसबरोबर मात्र सप्टेंबर-ऑक्टोबर चांगला. प्रकल्प या पट्ट्यांत मावेल एवढाच घ्या. वर्षभराचे मनसुबे रचू नका.

विषय कोणता निवडावा?

'आमची संस्कृती' हा विषय चुकूनही घेऊ नका. त्यातून नऊवारी, फेटा, किमोनो आणि पिझ्झा यांपलीकडे काही निघत नाही. दोन्हीकडे मुलांच्या हातात आधीपासून असलेली छोटी गोष्ट घ्या.

खेळच बघा. आमच्या मुली सागरगोटे खेळतात, काही भागांत त्याला पाचखडे म्हणतात. तुर्कीत तोच खेळ 'बेश ताश'. बेश म्हणजे पाच, ताश म्हणजे दगड. कोरियात तो गोंगी. एक वर उडवायचा, खालचे गोळा करायचे, पडणारा झेलायचा. दोन्ही वर्गांनी नियम लिहून पाठवले, मग एकमेकांच्या नियमांनी खेळून पाहिले आणि कुणाचे नियम अवघड यावर जुंपली. नियम लिहिणं ही भाषेची केवढी मोठी कसोटी आहे, हे मला तेव्हा कळलं. वाचून समोरच्याला खेळता आलं नाही, तर लिहिणाऱ्याचं चुकलं!

गोष्टी घ्या. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' ही आपली म्हातारी इराणातही आहे. लेकीकडे जाते, वाटेत लांडगा आणि सिंह भेटतात, परतताना भोपळ्यात बसून गडगडत येते. बंगालमध्येही ती आहे. एवढ्या लांबवर एकच म्हातारी कशी पोचली, हा प्रश्न मी मुलांवर सोडून देते. कुणी म्हणतं व्यापाऱ्यांनी नेली, कुणी म्हणतं सगळीकडेच म्हाताऱ्यांना जंगलातून जावं लागतं. दुसरं उत्तर मला जास्त आवडलं.

मोजमाप घ्या. आम्ही कोन्याच्या वर्गाबरोबर पाऊस मोजला. बाटली कापून केलेलं पर्जन्यमापक, मिलिमीटरची पट्टी, रोज सकाळी परिपाठाच्या आधी नोंद. कोन्यात वर्षाला साधारण तीनशे ते साडेतीनशे मिलिमीटर पाऊस पडतो, आमच्याकडे तीन हजाराच्या वर. जुलैच्या चार-पाच जोरदार दिवसांतच त्यांचं वर्ष संपतं. सप्टेंबरात त्यांची शाळा सुरू झाल्यावर आम्ही आकडे पाठवले, तर त्यांचा विश्वास बसेना आणि मापकाचे फोटो मागवले गेले. मग त्यांच्याकडून प्रश्न आला की एवढा पाऊस पडतो तर एप्रिल-मेमध्ये तुमच्या गावाला टँकर का लागतो? वर्गात शांतता. हा प्रश्न मी वीस वर्षं शिकवताना एकदाही इतक्या सरळ विचारला नव्हता. पुढचा महिनाभर मुलं जांभा दगड, उतार, विहिरी आणि ग्रामपंचायत यांच्या मागे होती.

व्हिडिओ कॉल तर करावाच लागेल ना? साहेबांना तेच दाखवायचं असतं.

करा, पण शेवटी. ओळख नसताना केलेला कॉल म्हणजे दोन्हीकडे हात हलवणं, "हॅलो, हाऊ आर यू" आणि आवाज तुटणं. दोन महिने पत्रं झाल्यावर केलेल्या कॉलमध्ये मुलं एकमेकांना नावाने हाका मारतात.

अभ्यासक्रम कधी पूर्ण करायचा?

वेगळा तास मागू नका, मिळणार नाही. भाषेचं पत्रलेखन, गणिताचा आलेख, भूगोलाचं हवामान, कार्यानुभव यांतच ते बसवा. आकारिक मूल्यमापनात उपक्रम आणि प्रकल्प अशी साधनं आहेतच, तिथे नोंद करा. शनिवारचा वेळ मोकळा असेल तर आणखी बरं.

परवानगी कुणाची? मुलांच्या सुरक्षिततेचं काय?

मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय मांडा आणि इतिवृत्तात नोंद करा. केंद्रप्रमुखांना आधी सांगितलं की ते सोबत असतात, वर्तमानपत्रातून कळलं की नसतात.

पालकांची संमती प्रत्येक मुलासाठी हवी. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, त्यात १८ वर्षांखालचं मूल म्हणजे बालक आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक. माझे स्वतःचे नियम याहून कडक आहेत. फक्त पहिलं नाव, आडनाव नाही. चेहरे ओळखू येतील असे एकट्या मुलाचे फोटो नाहीत. मुलांचे मोबाइल नंबर किंवा खाती पलीकडे कधीच द्यायची नाहीत, सगळी देवाणघेवाण शिक्षकांमार्फत. पाकिस्तानसारख्या देशाबरोबर काम करायचं असेल तर तोंडी होकारावर एक पाऊलही टाकू नका. वातावरण तापलं की "हो म्हटलं होतं" हे कुणालाच आठवत नाही.

तिकडची शाळा मदत म्हणून पैसे पाठवायचं म्हणते. घ्यावेत का?

घेऊ नका. परदेशातून येणाऱ्या देणग्यांना एफसीआरए हा २०१० चा कायदा लागू होतो. नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय संस्थेला असे पैसे घेता येत नाहीत आणि सरकारी नोकराला तर मनाईच आहे.

कायदा सोडला तरी पैसे आले की नातं बिघडतं. एका युरोपीय वर्गाने आमच्या मुलांची पत्रं वाचून जुन्या पेन्सिली गोळा करायला घेतल्या होत्या. हेतू चांगला होता. पण आमच्या एका मुलीने विचारलं, "बाई, आपण त्यांना काय म्हणून सांगितलं होतं?" मी आमची पत्रं पुन्हा वाचली. आमच्याकडे हे नाही, ते नाही, असं आम्हीच लिहिलं होतं. तेव्हापासून पहिल्या पत्राची अट ठरलेली आहे, आम्हाला काय येतं ते लिहायचं. कलम बांधता येतं, खेकडा पकडता येतो, ओहोटीची वेळ सांगता येते.

उलट दिशेचं भानही हवं. आपल्या मुलांना परदेशी म्हणजे गोरा, श्रीमंत आणि इंग्रजी बोलणारा, असंच वाटत असतं. म्हणून पहिला भागीदार मुद्दाम त्या चौकटीबाहेरचा शोधावा.

प्रमाणपत्र मिळतं का?

काही नेटवर्क देतात. सेवापुस्तकात त्याने काही फरक पडल्याचं मला दिसलेलं नाही.

माझी बदली झाली तर?

होणारच. माझी झाली, तेव्हा जपानचा वर्ग नव्या शाळेत माझ्याबरोबर आला आणि जुन्या शाळेतल्या मुलांचा तुटला. पाचवीतल्या एका मुलाने मला नव्या शाळेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड टाकलं होतं, अस्वल आता कुणाकडे आहे असं विचारायला. मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही.

आता मी प्रत्येक प्रकल्पात शाळेतला दुसरा एक शिक्षक पहिल्या पत्रापासून घेते, त्याचं नाव पलीकडे कळवते आणि सगळी पत्रं एका जाड वहीत डकवून ती शाळेच्या कपाटात ठेवते. द्विशिक्षकी शाळा असेल तर हे आणखी सोपं, कारण दुसरा कोण हा प्रश्नच नाही. वहीच्या पहिल्या पानावर समोरच्या शिक्षकाचा पत्ता, शाळेच्या सुट्ट्या आणि आपलं कुठलं पत्र उत्तराविना राहिलंय, एवढं लिहून ठेवा.